गल्लीत रोज उभ्या राहणाऱ्या मोटारीचे दिवे चालू ठेवायला लावण्याबाबत

गोपनीय. फक्त समक्ष वाचण्यासाठी.

दिनांक : ८ फेब्रुवारी

प्रति,
मा. वरिष्ठ वाहतूक नियंत्रण अधिकारी मॅडम,
वाहतूक शाखा, दुसरा मजला.

विषय : आमच्या बंद गल्लीत 'वाहन उभे करू नये' असा फलक न लावण्याबाबत, तेथे रोज उभी राहणारी मोटार उचलून न नेण्याबाबत, आणि त्या मोटारीचे दिवे रात्री चालू ठेवायला लावण्याबाबत.

संदर्भ : १) याच मोटारीचे दिवे बंद करण्याबाबत अर्जदाराने दिलेला पूर्वीचा अर्ज.
२) सदर अर्ज निकाली काढल्याचे आपल्या शाखेचे पत्र.
३) गेल्या मंगळवारी आपल्या दालनात आपण अर्जदाराला विचारलेला प्रश्न.

महोदया,

१. विषय वाचून आपण बुचकळ्यात पडाल. आधी दिवे बंद करा म्हणून हेलपाटे घालणारा माणूस आता चालू करा म्हणतो, तेव्हा याचे डोके ठिकाणावर आहे ना, असे वाटणे रास्त आहे. अर्जदाराचे डोके ठिकाणावर आहे. जीव मात्र थाऱ्यावर नाही. तरी हा अर्ज शेवटपर्यंत वाचावा, ही पहिली विनंती.

२. अर्जदार निवृत्त टंकलेखक आहे. पत्नी वारली, मूलबाळ नाही. गोदामाच्या मागच्या भिंतीला जाऊन आमची गल्ली संपते, तिथले शेवटचे घर त्याचे. तळमजला, दोन खोल्या, पुढच्या खोलीला गल्लीकडे मोठी खिडकी. स्वभावाने अर्जदार भित्रा आहे. हे अर्जात लिहिण्यासारखे नाही, पण पुढचे समजायला लागेल म्हणून लिहिले. नोकरीत असताना साहेबांनी बेल वाजवली की, ती शिपायासाठी असली तरी, अर्जदाराच्या छातीत धस्स व्हायचे.

३. गेल्या वर्षाच्या अखेरीस एका दुपारी अर्जदाराची भाची, म्हणजे त्याच्या दिवंगत धाकट्या बहिणीची मुलगी, आपल्या लहान मुलीला घेऊन दारात उभी राहिली. मुलीला घरात बिट्टी म्हणतात. ती यंदा पहिलीत आहे. भाचीचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. ती म्हणाली, "मामा, दोन दिवस राहू?"

अर्जदाराने विचारले, "हात कसा मोडला?"

"राहू का ते सांग आधी."

अर्जदाराने दार पूर्ण उघडले आणि हाताबद्दल पुन्हा विचारले नाही. पुढे एकदा जेवता जेवता बिट्टीनेच सांगितले, की बाबांनी दार लावलं तेव्हा आईचा हात मधे होता. मग घास गिळून म्हणाली, "आई ओरडली, म्हणून बाबांनी दार परत लावलं." भाचीने तिच्या ताटात भात वाढला आणि विषय तिथेच संपला.

४. भाचीचे यजमान, म्हणजे आमचे जावई, एका मालवाहतूक कंपनीत पाळीचे पर्यवेक्षक आहेत. दिवसभर ते कामावर असतात. भाची आमच्याकडे राहते हे कळल्यापासून ते रोज संध्याकाळी काम सुटल्यावर मोटार घेऊन आमच्या गल्लीत येऊ लागले. खिडकीसमोर गाडी तोंड करून उभी करायची, इंजिन बंद, मोठे दिवे चालू. खाली उतरायचे नाही, हाक मारायची नाही, शिवी द्यायची नाही. नुसते बसायचे.

महोदया, उजेड अंगावर येऊन बसतो हे अर्जदाराला तोवर ठाऊक नव्हते. पुढच्या खोलीतली प्रत्येक वस्तू भिंतीवर दुप्पट मोठी होऊन उभी राहायची. माणूस पाणी प्यायला उठला तर त्याची सावली छतापर्यंत जायची आणि बाहेर बसलेल्याला कळायचे, की आता हे उठले. आम्ही घरातले दिवे मालवले तर ते अप्पर मारायचे, म्हणजे दिव्यांचा झोत वर करून उघडझाप करायचे. खिडकीवर घोंगडी टांगली, तर दुसऱ्या दिवशी गाडी थोडी तिरकी लावून दारावरच्या झरोक्यातून उजेड आत सोडला. बिट्टी न सांगता पाटी-पुस्तक घेऊन टेबलाखाली जाऊन बसू लागली. अर्जदाराने वाकून विचारले, की इथे दिसते का गं तुला? ती म्हणाली, "मला दिसत नाही, पण मीपण दिसत नाही."

रात्री आम्ही झोपण्याच्या वेळेला गाडी निघून जायची. झोप मात्र यायची नाही.

५. एकदा अर्जदार धीर करून बाहेर गेला. गाडीच्या काचा काळ्या आहेत. जवळ गेल्यावर काच खाली झाली.

"या मामा," जावई म्हणाले. "चष्मा नवा केलात? छान दिसतो."

अर्जदार म्हणाला, "जरा... दिवे जरा बंद करता का? पोरीचा अभ्यास असतो."

"अंधारात गाडी लावली तर कुणीतरी येऊन धडकेल ना. नियम आहे, मामा." मग पुढे वाकून अगदी मायेने म्हणाले, "झोप लागते का नीट? या वयात झोप हवी. आणि दाराची कडी बदलून घ्या. जुनी झालीय."

अर्जदार "बरं" म्हणाला आणि घरात आला. आत आल्यावर तो खुर्चीत न बसता जमिनीवरच बसला. आपण "बरं" का म्हणालो, हे त्याला आजही उमगलेले नाही.

६. त्यानंतर अर्जदार भाचीला घेऊन पोलीस ठाण्यात गेला. तेथील अंमलदारांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "इथे आल्यापासून त्यांनी हात लावला? धमकी दिली? घरात शिरले?" भाची प्रत्येकाला "नाही" म्हणाली. हाताचे विचारले तेव्हा ती प्लास्टरकडे बघत राहिली. अंमलदार म्हणाले, "ताई, तुमची तक्रार लिहून घेतो, पण त्याने काय केलं असं लिहू? गाडी लावली? मग हे पार्किंगचं झालं. वाहतूक शाखेत जा." म्हणून अर्जदार आपल्या शाखेत आला. तेव्हा आपण येथे रुजू झाला नव्हता.

आपल्या शाखेतील लिपिक म्हणाले, "काका, दिवे बंद असते तर केस होती. चालू आहेत ना?" अर्जदाराने त्यांना बाहेरच्या व्हरांड्यातला नियमांचा फलक वाचून दाखवला : रात्री रस्त्यावर उभ्या केलेल्या वाहनाचे पुढचे-मागचे छोटे दिवे चालू असावेत, मोठे दिवे चालू असू नयेत. लिपिक म्हणाले, मग तसा अर्ज द्या. अर्जदाराने दिला. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रे टंकित केली, हे तर स्वतःचे काम, म्हणून त्याने अर्जात काही कमी ठेवले नाही. मोटार कुठे उभी राहते, उजेड कुठून कुठे पडतो, हे दाखवण्यासाठी घराचा नकाशा काढून जोडला. खिडकी, दार, झरोका, बिट्टीचे टेबल, स्वयंपाकघर, मागचा बोळ, सगळे पट्टी लावून. लिपिक म्हणाले, "वा! काय सुबक काढलाय."

तो अर्ज नकाशासह जावयांना, त्यांचे म्हणणे मांडण्यासाठी, पाठवण्यात आला. पद्धतच तशी आहे असे नंतर कळले. आपल्या शाखेचे हवालदार गल्लीत आले, जावयांनी त्यांच्यापुढे हात जोडले, चूक झाली म्हणाले आणि मोटारीचे सगळेच दिवे बंद केले. मोठेही आणि छोटेही. तक्रारीचे निवारण झाल्यामुळे अर्ज निकाली काढल्याचे पत्र अर्जदाराला आले. त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी घोंगडी काढली आणि टेबलाशी बसून जेवलो.

७. गाडी यायची थांबली नाही. ती आता काळोखात उभी राहू लागली. काळ्या काचा, काळी गल्ली, आत माणूस आहे की नाही काही कळायचे नाही. पहिले दोन-चार दिवस आम्ही म्हटले, असेना का, निदान उजेड तरी नाही. नेमक्या कोणत्या वारी ते घडले हे अर्जदार लिहीत नाही, पण जेवणाआधी भाची मागच्या बोळात वाळत घातलेले कपडे काढायला गेली. ती लवकर आत आली नाही, म्हणून अर्जदार मागच्या दारापर्यंत गेला.

बोळात जावई उभे होते. त्यांच्या हातात बिट्टीचा ओला फ्रॉक होता आणि ते तो सावकाश पिळत होते. भाची भिंतीला पाठ लावून उभी होती. ते तिला म्हणाले, "पाणी राहतं याच्यात. नीट पिळत जा." मग त्यांनी फ्रॉक झटकला, दोरीवर घातला, दोन्ही बाजूंना चिमटे लावले आणि अर्जदाराच्या खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळून बोळाबाहेर गेले. थोड्या वेळाने पुढे गाडीचे दार लागल्याचा आवाज आला. तोपर्यंत जिच्यात जावई बसले आहेत असे आम्ही समजत होतो, ती गाडी रिकामीच उभी होती.

यापुढे अर्जदार त्याला आदरार्थी लिहू शकत नाही. क्षमा असावी.

८. त्या रात्री बिट्टी झोपल्यावर भाची म्हणाली, "मामा, आम्हाला जायला हवं."

अर्जदार म्हणाला, "जा."

"तूही चल."

अर्जदाराला जावेसे फार वाटत होते, हे येथे प्रामाणिकपणे नमूद करतो. त्याने तोंड उघडले तेही "चलतो" म्हणायलाच. पण बाहेर काय आले, तर, "मी आलो की दाराला कुलूप दिसेल. कुलूप दिसलं की तो दुसऱ्या दिवसापासून शोधायला लागेल. घरात दिवा दिसला तर इथेच बसेल."

भाची म्हणाली, "तुला भीती नाही वाटणार?"

"वाटेल की," अर्जदार म्हणाला. "ती कुठे बसलो तरी वाटणारच आहे."

त्या दोघी कशा गेल्या, कुठे गेल्या, हे या अर्जात लिहिलेले नाही आणि अर्जदाराला ते कृपया कोणी विचारू नये. दिवसा गेल्या, एवढे पुरे.

९. तेव्हापासून अर्जदार घरात एकटा आहे आणि तिघांचे घर चालवत आहे. मागे राहिलेला बिट्टीचा एक फ्रॉक तो रोज धुतो आणि पुढच्या खिडकीत वाळत घालतो. फ्रॉक मळत नाही, तरी धुतो, कारण वाळलेला फ्रॉक दोन दिवस दिसला तर लक्षात येईल. संध्याकाळी तो दोन्ही खोल्यांतले दिवे लावतो. मधूनच जरा मोठ्याने म्हणतो, "अभ्यास झाला का गं?" आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडे वाजवतो. शेजारच्या आजींना एवढेच वाटते, की पोरगी अलीकडे शहाणी झाली, आवाज येत नाही.

आता दिव्यांचा मुद्दा. गाडी आली आणि तो आत बसलेला आहे अशी खात्री झाली, की अर्जदार स्वयंपाकघरात जाऊन भाचीला फोन करतो. एकच शब्द बोलतो : "आहे." मग ती तिथे दुकानात जाते, भाजी आणते, आणि बिट्टी इमारतीसमोरच्या मोकळ्या जागेत खेळायला उतरते. तिथे घसरगुंडी आहे म्हणे. खात्री झाली नाही तर अर्जदार म्हणतो, "माहीत नाही," आणि त्या संध्याकाळी दोघी दार लावून बसून राहतात. तो इथून उठला तर तासाभरात तिथे पोचू शकतो, इतके ते ठिकाण जवळ आहे. त्याहून लांबचे आमच्या आवाक्यात नव्हते.

दिवे चालू असताना खात्री घरात बसल्या बसल्या व्हायची. दिवे लावून गाडी सोडून कुणी लांब जात नाही, आणि आतला माणूस अप्पर मारायचा राहत नाही. आता मात्र अर्जदाराला रोज गाडीपर्यंत जावे लागते. कचरा टाकायचे निमित्त करून तो जातो. एकट्या माणसाचा कचरा तो केवढा, म्हणून दुपारी जुनी वर्तमानपत्रे फाडून पिशवी भरून ठेवतो. गाडीच्या अगदी जवळून जावे लागते, आणि पिशवी कुठे टाकली हे परत आल्यावर अर्जदाराला आठवत नाही.

परवा काच खाली झाली. "मामा, पोरगी दिसत नाही खिडकीत."

"ताप आहे तिला," अर्जदार म्हणाला.

"डॉक्टरकडे नेऊ? गाडी आहेच."

"उतरलाय आता."

"फ्रॉक तर रोज दिसतो," तो म्हणाला आणि हसला. काच वर गेली. त्याला संशय आला आहे की नुसती गंमत करतो, हे अर्जदार रात्रभर उलटसुलट करून पाहत होता. काही ठरले नाही.

१०. गेल्या मंगळवारी अर्जदार आपल्या व्हरांड्यात तो नियमांचा फलक पुन्हा वाचत उभा असताना आपण त्याला पाहिले आणि म्हणालात, "काका, किती वेळा येता तुम्ही? आत या, बसा." आपण जुनी फाइल मागवून वाचलीत. मग म्हणालात, "हे काही दिव्यांचं प्रकरण नाही. घरी कोण कोण असतं तुमच्या?"

त्या वेळी आपल्या टेबलाशी दोन लिपिक उभे होते. त्यांतल्या एकानेच नकाशाची प्रत पाठवली होती. अर्जदार म्हणाला, "तिघं. मी, भाची आणि तिची मुलगी." महोदया, ते खोटे होते. अधिकाऱ्यासमोर खोटे बोलण्याची अर्जदाराची ती पहिलीच वेळ.

आपण म्हणालात, "सोमवारी त्या गल्लीत फलक लागेल. त्यानंतर गाडी दिसली की उचलायची. तुम्ही निर्धास्त झोपा." सरकारी टेबलापलीकडून इतके चांगले अर्जदाराशी कधी कोणी बोलले नव्हते. त्याला रडू येऊ लागले आणि त्याच क्षणी तोंडचे पाणीही पळाले. तो आभार मानून जिना उतरला आणि खालच्या पायरीवर बराच वेळ कठड्याला धरून उभा राहिला.

कारण फलक लागला की गाडी इथे उभी राहणार नाही. इथे उभी राहिली नाही, तर संध्याकाळी ती कुठे असेल?

११. सबब विनंती, की :

(अ) आमच्या गल्लीत फलक लावू नये. लावण्याचा हुकूम निघाला असल्यास खांब मिळाला नाही, रंग वाळला नाही, काहीही कारण दाखवून तो लांबवावा. मोटार उचलू नये. अर्जदाराची तिच्या तेथे उभी राहण्यास हरकत नाही. उलट ती तेथे जितकी जास्त वेळ उभी राहील तितके बरे.

(ब) नियमाप्रमाणे रात्री उभ्या वाहनाचे छोटे दिवे चालू असायला हवेत. ते तो लावत नाही. आपल्या हवालदारांनी गल्लीत फेरी मारून तेवढे त्याला लावायला लावावेत, आणि फेरीच्या वेळी तो गाडीत नसेल तर अर्जदाराचे दार वाजवावे. छोटे शक्य नसतील, तर मोठे चालतील. खिडकीत आले तरी चालतील. अर्जदाराला आता त्यांचा त्रास होणार नाही.

(क) भाचीच्या हातासंबंधी ती जबाब द्यायला तयार आहे. तिला बोलायला वेळ लागतो, पण ती बोलेल. तो जबाब कोणी, कुठे आणि कसा घ्यावा, म्हणजे त्याची प्रत जावयाच्या हाती जाणार नाही, हे आपणच सांगू शकाल. आपल्याला अधिकार नसेल, तर ज्यांना आहे त्यांच्याशी आपण स्वतः बोलावे. ते होईपर्यंत अर्जदार इथे बसून राहील.

१२. लोकांना अर्ज लिहून देताना अर्जदार नेहमी बजावत असे, की पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. या अर्जाची पोच नको. याला आवक क्रमांक देऊ नये, फाइलला लावू नये, आणि वाचून झाल्यावर आपल्याच जवळ ठेवावा किंवा फाडून टाकावा. आपण तसे केले की नाही हे अर्जदार तपासायला येणार नाही. तो आपल्यावर विश्वास ठेवत आहे. दुसऱ्या कोणावर ठेवावा हे त्याला सुचले नाही.

ता. क. अर्ज लिहून होता होता अंधार पडला. सही करायची तेवढी राहिली होती. आत्ताच गाडी आल्याचा आवाज आला. दिवे नाहीत. अर्जदार कचरा घेऊन बाहेर जात आहे. सही आल्यावर करील.

पाहून आलो. आत आहे. बसला आहे. फोन केला. मागे घसरगुंडीवर पोरांचा गलका ऐकू येत होता.

आपला नम्र,
(सही)
निवृत्त टंकलेखक,
गल्लीतले शेवटचे घर